हातात आलेला जुना कोबॉल प्रोग्राम कसा वाचावा

हिंजवडीत, खराडीत किंवा ऐरोलीत नोकरी लागते, तीन महिने जावा शिकवली जाते आणि मग प्रोजेक्ट मिळतो तो मेनफ्रेमचा, म्हणजे बँका-विमा कंपन्यांचे हिशेब चालवणाऱ्या मोठ्या संगणकांचा. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत कोबॉल या 1960 पासूनच्या भाषेतला सात-आठ हजार ओळींचा प्रोग्राम उघडतो आणि टीम लीड सांगतो, "यात एक छोटासा बदल आहे, शुक्रवारपर्यंत करून दे." मी अशा मुलामुलींना बरीच वर्षं कोबॉल शिकवते आहे. भाषा त्यांना पटकन येते; दोन-तीन आठवड्यांत स्वतःचा नवा प्रोग्राम लिहू लागतात. अडतं ते दुसऱ्याचा जुना प्रोग्राम वाचताना. पुस्तकातलं कोबॉल एकाच काळातलं असतं. प्रॉडक्शनमधल्या प्रोग्रामात मात्र 1968, 1974, 1985 आणि 2002 अशा चार मानकांच्या, म्हणजे भाषेच्या अधिकृत आवृत्त्यांच्या, ओळी एकाच पानावर नांदत असतात.

म्हणून मी शिकवते ती पद्धत अशी. आधी समोरची ओळ कोणत्या काळातली ते ओळखायचं. मग ती तशी का लिहिली असेल, म्हणजे त्या काळी भाषेत काय नव्हतं, ते आठवायचं. बदलाला हात त्यानंतर घालायचा. विचित्र दिसणाऱ्या बहुतेक ओळींमागे लिहिणाऱ्याचा आळस नसतो, त्या वेळच्या भाषेची मर्यादा असते. हे एकदा मनात ठसलं की वाचन फार सोपं होतं.

कोबॉलचे शब्द मी इथे देवनागरीत लिहिते आहे. पडद्यावर ते रोमन लिपीत, बहुधा मोठ्या अक्षरांत दिसतील. उदाहरणं आयबीएम मेनफ्रेमवरची घेतली आहेत, कारण पुण्या-मुंबईत येणारं बरंचसं काम त्याच यंत्रांवरचं असतं.

सुरुवात जेसीएलपासून

प्रोग्राम उघडण्याआधी तो चालवणारं जेसीएल (जॉब कंट्रोल लँग्वेजमधली सूचनांची फाइल) उघडा. प्रोग्रामला कोणत्या फायली मिळतात, त्याच्या आधी कोणतं सॉर्ट होतं, त्याची आउटपुट फाइल पुढे कोणाकडे जाते, हे तिथे कळतं. जेसीएलमधलं डीडी नाव (जेसीएलने फाइलला दिलेलं नाव) लक्षात ठेवा आणि मग प्रोग्रामात एन्व्हायर्नमेंट डिव्हिजनमध्ये जाऊन "सिलेक्ट ... असाइन टू" शोधा. तेच नाव तिथे सापडेल. तिथून डेटा डिव्हिजनमधली फाइलची एफडी (फाइलचं वर्णन), एफडीखालचं कॉपीबुक (रेकॉर्डची मांडणी लिहिलेली, अनेक प्रोग्रामांत वापरली जाणारी फाइल), आणि मगच प्रोसीजर डिव्हिजन. मुलं थेट प्रोसीजर डिव्हिजनमध्ये उडी मारतात आणि दोन तासांनी विचारतात, "ही फाइल नेमकी कसली?"

आयडेंटिफिकेशन, एन्व्हायर्नमेंट, डेटा आणि प्रोसीजर या चार डिव्हिजनांची, म्हणजे चार खोल्यांची, रचना जन्मापासूनची आहे, आणि तिचं कारण माहीत असलेलं बरं. 1959 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पेंटागॉनमध्ये संगणक बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या संस्थांची बैठक घेतली. त्याआधी एप्रिलमध्ये, बरोज कंपनीच्या मेरी हॉज यांच्या पुढाकाराने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एक छोटी बैठक झाली होती. तक्रार सगळ्यांची सारखीच होती. यंत्र बदललं की पगारपत्रकापासून साठ्याच्या हिशेबापर्यंत सगळे प्रोग्राम नव्याने लिहावे लागत. यातून जी समिती बनली तिने ग्रेस हॉपर यांच्या फ्लोमॅटिक भाषेतून पुष्कळ घेतलं, थोडं आयबीएमच्या कॉमट्रानमधून घेतलं आणि 1960 साली कोबॉलचा पहिला आराखडा छापला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एकच कोबॉल प्रोग्राम आरसीए 501 आणि युनिव्हॅक 2 या दोन वेगळ्या यंत्रांवर थोडेफार बदल करून चालवून दाखवला गेला. यंत्राशी बांधलेली माहिती एन्व्हायर्नमेंट डिव्हिजनमध्ये वेगळी काढून ठेवली आहे ती याच हेतूने.

म्हणून त्या भागात तुम्हाला जुन्या यंत्रांची नावं आणि क्रमांक दिसतात. "असाइन टू यूटी-2400-एस-कस्टइन" अशी ओळ दिसली तर ती सोन्यासारखी माहिती आहे. 2400 ही आयबीएमची टेप ड्राइव्हची मालिका होती, सिस्टिम/360 बरोबर आलेली. म्हणजे ही फाइल एकेकाळी टेपवर होती. टेपवरची फाइल फक्त पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने वाचता येते, मधलंच एक रेकॉर्ड उचलता येत नाही. आज ती फाइल डिस्कवर असली, तरी प्रोग्रामचं सगळं तर्कशास्त्र क्रमाने वाचण्यावरच उभं असतं: दोन्ही फायली ग्राहक क्रमांकानुसार आधीच लावलेल्या, दोन्हींमधून एकेक रेकॉर्ड वाचायचं, क्रमांक जुळला तर हिशेब, लहान असेल तर पुढचं वाच. तुमच्या बदलामुळे आधीच्या सॉर्टची किल्ली बदलली, तर हा प्रोग्राम कोसळणार नाही. तो मुकाट्याने चुकीचं उत्तर देईल. त्यापेक्षा कोसळलेला परवडतो.

स्तंभ वाचायला शिका

जुना कोबॉल प्रोग्राम 80 अक्षरांच्या ओळीत असतो, कारण पंचकार्डाला 80 स्तंभ होते. पहिले सहा स्तंभ अनुक्रमांकाचे; कार्डांचा गठ्ठा हातातून पडला तर पुन्हा लावता यावा म्हणून. सातवा स्तंभ खुणेचा: तारा म्हणजे टिप्पणी, आडवी रेघ म्हणजे आधीची ओळ पुढे चालू, डी म्हणजे डीबग करतानाच चालणारी ओळ. आठ ते अकरा एरिया ए, बारा ते बाहत्तर एरिया बी. 73 ते 80 हा भाग कंपायलर पाहतच नाही.

नवशिके पहिले सहा आणि शेवटचे आठ स्तंभ सोडून वाचतात. मी सांगते, तेच आधी वाचा. कार्डं गेली तशी ही जागा मोकळी झाली आणि ठिकठिकाणच्या प्रोग्रामरांनी तिथे बदलाच्या खुणा ठेवायला सुरुवात केली: आद्याक्षरं, तारीख, चेंज रिक्वेस्टचा क्रमांक. एकच खूण प्रोग्रामात अकरा ठिकाणी दिसली, तर त्या अकरा ओळी एकाच बदलाच्या आहेत. त्या एकापाठोपाठ वाचल्या की मधल्या पाच हजार ओळी न वाचताही तो बदल समजतो. तुमच्या बदलासारखाच बदल पूर्वी कोणी केला असेल, तर कुठे कुठे हात लावायचा याची यादी तिथे आयती मिळते.

वर आयडेंटिफिकेशन डिव्हिजनमध्ये ऑथर आणि डेट-रिटन असतात. त्यांच्यावर फार विसंबू नका. कोबॉलमध्ये नवा प्रोग्राम कोऱ्या पानावरून सहसा सुरू होत नाही. जुना कॉपी करून घेतला जातो आणि वरची तारीख तशीच राहते. वर 1979 लिहिलंय आणि खाली "इव्हॅल्युएट" भेटलं, तर तारीख वारशाने आलेली आहे किंवा तो भाग नंतर घातलेला आहे, कारण "इव्हॅल्युएट" भाषेत आलं 1985 च्या मानकात.

काळ ओळखण्याच्या खुणा

1968 चं मानक हे अमेरिकेचं पहिलं अधिकृत मानक. त्या काळच्या प्रोग्रामात टिप्पणीसाठी "रिमार्क्स" परिच्छेद किंवा "नोट" हे क्रियापद असतं. अक्षरं मोजायला किंवा बदलायला "एक्झॅमिन" असतं. 1974 मध्ये "रिमार्क्स" आणि "नोट" गेले, सातव्या स्तंभातला तारा आला. "एक्झॅमिन" जाऊन "इन्स्पेक्ट" आलं. "स्ट्रिंग" आणि "अनस्ट्रिंग" हीसुद्धा 1974 ची. एका प्रोग्रामातून दुसऱ्याला "कॉल" करणंही मानकात तेव्हाच आलं, त्यामुळे त्याआधीच्या प्रोग्रामात आज जे पाच उपप्रोग्राम केले असते ते सगळं एकाच अजस्र फाइलमध्ये कोंबलेलं दिसतं.

सर्वात मोठी दरी आहे ती 1985 च्या मानकाची. त्याआधीचं आणि त्यानंतरचं कोबॉल वाचण्याची रीतच वेगळी. 1985 आधी "एंड-इफ" नव्हतं, "एंड-रीड" नव्हतं, जागच्या जागी लिहिलेला "परफॉर्म" (ओळींचा गट चालवणारं, लूप फिरवणारं क्रियापद) नव्हता. या तीन गोष्टी नसल्याचे परिणाम तुम्हाला जुन्या प्रोग्रामात पावलोपावली दिसतील.

"परफॉर्म ... अंटिल" असं लूप लिहायचं तर लूपचं अंग वेगळ्या परिच्छेदात, म्हणजे नाव दिलेल्या ओळींच्या गटात, ठेवावंच लागे. म्हणून तीन ओळींच्या कामासाठीही पडद्यावर चारशे ओळी खाली उडी मारावी लागते. "रीड ... अ‍ॅट एंड" हे वाक्य पूर्णविरामाशिवाय संपत नसे, त्यामुळे "इफ"च्या पोटात "रीड" घालून त्यानंतर आणखी काही करता येत नसे. उपाय एकच: प्रत्येक फाइलचं वाचन स्वतंत्र परिच्छेदात. "8000-रीड-मास्टर", "8100-रीड-ट्रान्स" असे दोन-दोन ओळींचे परिच्छेद दिसतात ते यामुळे. अनेक मुलं ते पाहून म्हणतात, "मॅडम, हे उगाच वेगळं केलंय, आत घेऊन टाकू का?" नका घेऊ. ते परिच्छेद पाच-सहा ठिकाणांहून बोलावले जातात, आणि एंड-ऑफ-फाइलचा स्विच तिथेच लागतो.

"इव्हॅल्युएट" नव्हतं, तेव्हा अनेक पर्यायांसाठी "गो टू ... डिपेंडिंग ऑन" असे. त्यात एक क्रमांक आणि पुढे परिच्छेदांची यादी. क्रमांक 3 असेल तर तिसऱ्या परिच्छेदात उडी. क्रमांक यादीबाहेरचा असेल तर काहीच होत नाही, सरळ पुढची ओळ. ती पुढची ओळ काय आहे ते नक्की पाहा. चुकीच्या कोडची हाताळणी पुष्कळदा तिथेच लपलेली असते.

"नेम (1:3)" अशी शब्दाची पहिली तीन अक्षरं काढण्याची सोयही 1985 ची. त्याआधी प्रत्येक तुकड्यासाठी "रिडिफाइन्स" लिहून त्याच जागेला दुसरा आकार द्यावा लागे. एकाच जागेची चार नावं दिसली तर घाबरू नका, पण चारही नावांचा शोध घ्या. कारण तुम्ही ज्या नावाने शोधताय त्या नावाने ती जागा कुठेच बदलत नसेल, आणि दुसऱ्या नावाने बदलत असेल.

आणि एक क्रियापद आहे ज्याचा शोध पहिल्याच दिवशी घ्यायचा: "ऑल्टर". एखाद्या परिच्छेदात फक्त एक "गो टू" असते. "ऑल्टर" प्रोग्राम चालू असतानाच त्या "गो टू"चं ठिकाण बदलते. म्हणजे पडद्यावर लिहिलंय एक आणि घडतंय दुसरं. 1985 च्या मानकाने "ऑल्टर" कालबाह्य ठरवली, 2002 च्या मानकाने काढून टाकली, तरी आयबीएमचा कंपायलर ती चालवून घेतो, आणि जुने प्रोग्राम तिच्यासकट अजून जिवंत आहेत. शोधात "ऑल्टर" सापडली, तर कागद-पेन्सिल घ्या आणि कोणत्या अटीवर कोणती "गो टू" कुठे जाते त्याचा तक्ता काढा. पडद्याकडे पाहत मनातल्या मनात ते जमत नाही.

1985 चं मानक यायला खूप उशीर झाला होता, त्याचंही कारण प्रोग्राम वाचणाऱ्याच्या उपयोगाचं आहे. नवे राखीव शब्द (भाषेने स्वतःसाठी ठेवलेले, फील्डला नाव म्हणून न चालणारे) आले की जुन्या प्रोग्रामातल्या त्याच नावाच्या फील्ड चालेनाशा होतात. "टेस्ट", "क्लास", "कंटेंट" हे शब्द तेव्हा राखीव झाले. ज्या विमा कंपन्यांकडे आणि बँकांकडे लाखो ओळी होत्या, त्यांनी मोठा विरोध केला. प्रत्येक फील्डच्या नावाआधी "डब्ल्यूएस" (वर्किंग-स्टोरेज) किंवा फाइलच्या नावाची दोन-तीन अक्षरं लावायची सवय तुम्हीही पाळा. त्यामुळे फील्ड कुठली ते कळतं, आणि उद्या भाषेत नवा शब्द आला तरी तुमचं नाव सुरक्षित राहतं.

2002 च्या मानकाने ऑब्जेक्ट आणले, स्तंभांचं बंधन नसलेली मोकळी मांडणी आणली. 2014 आणि 2023 मध्येही मानकं आली. मेनफ्रेमवरच्या रोजच्या कामात यातलं थोडंच दिसतं. ऑब्जेक्टवाला कोबॉल प्रोग्राम प्रॉडक्शनमध्ये माझ्या पाहण्यात क्वचितच आला. आयबीएमच्या नव्या कंपायलरांनी दिलेली एक्सएमएल आणि जेसनची क्रियापदं मात्र जोरात वापरली जातात, कारण मोबाइल अ‍ॅपला उत्तर तोच जुना प्रोग्राम देत असतो.

पूर्णविराम

यासाठी स्वतंत्र मथळा केला, कारण कोबॉलमध्ये सर्वात जास्त नुकसान या एका ठिपक्याने होतं. 1985 आधीच्या प्रोग्रामात "इफ" कुठे संपतो ते फक्त पूर्णविराम ठरवतो. ओळी किती आत ढकलल्या आहेत याच्याशी कंपायलरला काही देणंघेणं नाही. डोळा मांडणी वाचतो, यंत्र ठिपका वाचतं. म्हणून जुना "इफ" वाचताना बोट ठेवून पुढचा पूर्णविराम शोधा, आणि तिथपर्यंतच "इफ" आहे असं धरा.

त्यातला खरा सापळा आहे तो जुनं आणि नवं एकत्र आल्यावर. हा नमुना पाहा:

इफ डब्ल्यूएस-बॅलन्स < 0
    नेक्स्ट सेंटेन्स
एल्स
    परफॉर्म 3000-पेमेंट
एंड-इफ
मूव्ह झिरो टू डब्ल्यूएस-टोटल
परफॉर्म 4000-प्रिंट.

बाकी शून्यापेक्षा कमी असेल तर काय होईल? बहुतेक जण सांगतात, पेमेंट होणार नाही, टोटल शून्य होईल आणि प्रिंट होईल. तसं होत नाही. "नेक्स्ट सेंटेन्स" पुढच्या पूर्णविरामापलीकडे उडी मारते, "एंड-इफ"पलीकडे नव्हे. टोटल शून्य होत नाही, प्रिंटही होत नाही. मानकाला ही जोडी मान्य नाही, पण आयबीएमचा कंपायलर ती चालवून घेतो. "नेक्स्ट सेंटेन्स" आधीची, "एंड-इफ" कोणीतरी नंतर आपल्या सवयीने जोडलेलं. इथे "कंटिन्यू" हवं होतं, तेही 1985 चंच.

यावरून माझा नियम: ज्या परिच्छेदात पूर्णविरामांचं राज्य आहे तिथे बदलही पूर्णविरामांच्या रीतीनेच करा. नवी रीत हवी असेल तर आख्खा परिच्छेद नव्या रीतीने लिहा, ठिपका फक्त शेवटी ठेवा, आणि तसं केल्याचं टिप्पणीत नोंदवा. एकाच परिच्छेदात दोन्ही रीती मिसळू नका.

आकडे कसे साठवलेत ते पाहा

"पिक एस9(7)व्ही99 कॉम्प-3" याचा अर्थ सात पूर्णांक, दोन दशांश, चिन्हासह, पॅक्ड पद्धतीने. नऊ अंक आणि चिन्हाचा अर्धा बाइट मिळून पाच बाइट. 12,345.67 ही रक्कम हेक्समध्ये 00 12 34 56 7सी अशी दिसते. शेवटचा सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे. "व्ही" जागा घेत नाही, दशांश चिन्ह फक्त प्रोग्रामच्या समजुतीत असतं. फाइल उघडून पाहणाऱ्याला 1234567 इतकंच दिसतं, आणि पैसे शंभरपट वाटतात.

साध्या, पॅक न केलेल्या फील्डमध्ये चिन्ह शेवटच्या अंकावर बसतं. उणे 123 हे मेनफ्रेमवर "12एल" असं दिसतं, अधिक 123 हे "12सी" असं. फाइलमध्ये आकड्याच्या शेवटी अक्षर पाहून "डेटा खराब आहे" असा मेल पाठवण्याआधी हे आठवा.

आता रात्री दोनला फोन आणणारी ती प्रसिद्ध अबेंड (प्रोग्राम मधेच बंद पडणं), एस-झिरो-सी-सेव्हन, आमच्या तोंडी "सॉक सेव्हन". तिचा अर्थ, आकडा म्हणून वापरलेल्या जागेत आकडा नाही. जुन्या प्रोग्रामात हिचं एक नेहमीचं मूळ असतं. आउटपुट रेकॉर्ड तयार करण्याआधी "मूव्ह स्पेसेस टू" आख्ख्या रेकॉर्डला, आणि मग प्रत्येक आकड्याच्या फील्डला "मूव्ह झिरो". तुम्ही कॉपीबुकात नवी कॉम्प-3 फील्ड घातली, पण तिला शून्य करणारी ओळ घातली नाही, तर तिच्यात 40 40 40 अशी रिकाम्या जागेची हेक्स राहते. शेवटचा अर्धा बाइट शून्य, म्हणजे चिन्हच नाही. पुढच्या प्रोग्रामने तिच्यात बेरीज केली की अबेंड. आणि ती तुमच्या प्रोग्रामात येत नाही, दुसऱ्याच्या प्रोग्रामात येते, कदाचित महिनाअखेरीस. 1985 चं "इनिशियलाइज" हे काम प्रकार पाहून करतं: आकड्यांना शून्य, अक्षरांना रिकामी जागा. फक्त "फिलर"ला, म्हणजे नाव न दिलेल्या जागेला, ते हात लावत नाही. म्हणून कॉपीबुकाला हात लावला की ते वापरणाऱ्या सगळ्या प्रोग्रामांची यादी काढा आणि प्रत्येकात रेकॉर्ड कसा साफ होतो ते पाहा.

तारखा

1998-99 साली मुंबईत सीप्झमध्ये मी वायटूकेच्याच, म्हणजे 2000 साल येताना दोन अंकी वर्षं चुकू नयेत यासाठीच्या, कामावर होते, त्यामुळे या विषयावर मी जरा आग्रहाने बोलते. त्या वेळी दोन प्रकारे दुरुस्ती झाली. जिथे शक्य होतं तिथे दोन अंकी वर्ष चार अंकी केलं. त्यासाठी फायली, कॉपीबुकं, पडदे, सगळं बदलावं लागलं. जिथे वेळ नव्हता तिथे खिडकी ठेवली: वर्ष 50 पेक्षा लहान असेल तर शतक 20, नाहीतर 19. प्रोग्रामात काही हजार ओळींत लपलेला तो 50 हा आकडा आजही तिथेच आहे.

तो शोधा. मिळाला की विचारा, ही तारीख कसली आहे? व्यवहाराची असेल तर अजून अवकाश आहे. जन्मतारीख असेल तर 1948 मध्ये जन्मलेला माणूस 2048 चा ठरतो, म्हणून जन्मतारखेसाठी सीमा वेगळी ठेवलेली असावी लागते. ती आहे का ते पाहा. आणि मुदतपूर्तीची तारीख असेल तर प्रश्न दारात येऊन उभा आहे. 2020 मध्ये दिलेलं तीस वर्षांचं गृहकर्ज 2050 मध्ये संपतं, आणि ही खिडकी त्याला 1950 म्हणते. प्रत्येक ठिकाणी सीमा 50 च असेल असं नाही. 30, 40, 60, सगळे प्रकार भेटतात, आणि एकाच सिस्टिममधल्या दोन प्रोग्रामांत दोन वेगळ्या सीमा असू शकतात.

आजची तारीख कशी घेतली आहे त्यावरूनही वय कळतं. "अ‍ॅक्सेप्ट ... फ्रॉम डेट" ही 1974 ची, सहा अंक देते. "फंक्शन करंट-डेट" ही 1989 च्या दुरुस्तीतून आली, चार अंकी वर्ष देते.

सराव आणि बदल

मेनफ्रेम घरी नसतो, पण ग्नूकोबॉल हा कंपायलर घरच्या लॅपटॉपवर फुकट बसतो, लिनक्सवर तर काही मिनिटांत. त्याला आयबीएमच्या बोलीचा पर्याय देता येतो आणि तो बरीच जुनी रूपंही ओळखतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी एकच अभ्यास देते. पगाराची एक छोटी फाइल घ्या, विभागवार बेरीज करून छापा. आधी तो प्रोग्राम 1974 च्या नियमांनी लिहा: "एंड-इफ" नाही, "इव्हॅल्युएट" नाही, जागच्या जागी "परफॉर्म" नाही. मग तोच 1985 च्या रीतीने. पहिला लिहिताना जे जे हातातून काढून घेतलंय असं वाटतं, ते जुन्या प्रोग्रामात कसं भागवलं होतं हे आपोआप कळतं. आठवड्याभरात ऑफिसातला प्रोग्राम वेगळा दिसू लागतो.

प्रत्यक्ष बदल करताना कंपायलरकडून पूर्ण लिस्टिंग घ्या, क्रॉस-रेफरन्ससह. कोणती फील्ड कोणत्या ओळीत बदलते आणि कोणत्या ओळीत नुसती वापरली जाते हे तो तक्ता सांगतो. टेस्टमध्ये टेबलाच्या (अ‍ॅरेच्या) सीमा तपासणारा "एसएसरेंज" पर्याय लावा. हे विशेषतः जुना प्रोग्राम नव्या कंपायलरवर नेताना गरजेचं आहे. 2013 मध्ये आलेल्या एंटरप्राइझ कोबॉल 5 पासून आयबीएमचा कंपायलर मशीन कोड वेगळ्या पद्धतीने रचतो. टेबलाबाहेर लिहिणारा किंवा खराब आकड्यांवर चालणारा जो प्रोग्राम तीस वर्षं योगायोगाने बरोबर उत्तर देत होता, तो अचानक वेगळं देऊ शकतो.

तोच प्रोग्राम जावात नेण्याचं काम तुमच्याकडे आलं, तर आकडेमोडीचे नियम आधी उतरवून घ्या. कोबॉलमध्ये "राउंडेड" लिहिलं नसेल तर जादा दशांश कापले जातात, जवळच्या आकड्याकडे नेले जात नाहीत. 10.999 दोन दशांशांच्या फील्डमध्ये गेलं तर 10.99 होतं. जावात "डबल" वापरलं तर दशांश नेमके बसतही नाहीत. "बिगडेसिमल" घ्या आणि प्रत्येक ठिकाणी कापायचं की पूर्णांकित करायचं ते मूळ ओळीत पाहून ठरवा. मधल्या पायरीच्या फील्डला किती दशांश दिलेत तेही जसंच्या तसं उचला, कारण कापणी त्या पायरीवरही होते.

शेवटची पायरी कधी गाळू नका. प्रॉडक्शनमधली एका महिनाअखेरीची इनपुट फाइल मागून घ्या, ग्राहकांची नावं-पत्ते झाकून. तीच फाइल जुन्या आणि नव्या प्रोग्रामातून चालवा आणि दोन्ही आउटपुट बाइटगणिक ताडून पाहा. फरक दिसतील ते एकेक करून समजावून लिहा: हा बदलामुळे, हा तारखेमुळे. ज्या फरकाचं कारण लिहिता येत नाही, तो मिळेपर्यंत प्रोग्राम प्रॉडक्शनला पाठवू नका, शुक्रवार टळला तरी चालेल. टीम लीडला तसं लिहून कळवा, आणि सोबत तो फरक असलेलं रेकॉर्ड जोडा.